इंजिनाला भिऊ नका, पत्र्याला भ्या

जुनी मोटार बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. स्टार्टर मारतो, कान लावून इंजिन ऐकतो, सायलेन्सरमागे उभा राहून धूर न्याहाळतो आणि ‘मशीन चोख आहे’ म्हणत विसार देऊन मोकळा होतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागात तरी हा क्रम उलटा हवा. याच तालुक्यात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला आणि पुढं त्या स्टेशनालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळालं. नांगर, पंप आणि ऑइल इंजिनांच्या मागोमाग या पट्ट्यात ओतकाम आणि लेथकाम रुजलं. आज पलूसच्या एमआयडीसीपासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापर्यंत बोअर मारणारे, क्रँक ग्राइंड करणारे, नमुना बघून बुश बनवून देणारे कारागीर सापडतात. इंजिन कितीही थकलेलं असो, इथं ते पुन्हा उभं राहतं. उभं राहत नाही ते सडलेला पत्रा आणि घोळ झालेलं आरसी बुक. हौशी माणसाचे पैसे बुडतात ते या दोन्हींत.

क्लासिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर संस्थानी गाड्या येतात. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिला बघायला गर्दी लोटते. पण तो संसार वेगळा. साध्या घराच्या आवाक्यात येणाऱ्या जुन्या गाड्या चारच: प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसिडर, महिंद्राची जीप आणि आता मारुती ८००.

पद्मिनी ही मूळची फियाट ११००. सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढं लांब सलग सीट. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. ॲम्बेसिडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा भारतीय अवतार. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात ती २०१४ पर्यंत बनत होती. महिंद्रानं जीपची जुळणी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. आणि मारुती ८००? १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, म्हणजे तिच्याही पहिल्या पिढीनं चाळिशी ओलांडली आहे. तिला क्लासिक म्हणायला काहींची जीभ अजून रेटत नाही, पण सुट्या भागांचा विचार केला तर नवख्या माणसाला तिच्याइतकी सोयीची जुनी गाडी दुसरी नाही.

आधी कागद. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला जी मनाई झाली, तशी सरसकट मनाई महाराष्ट्रात नाही. गाडी तपासणीत उतरली की सांगलीच्या आरटीओकडून तिचं आयुष्य वाढवून मिळतं. मात्र फी वाढली आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये केलं. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. नोंदणी संपूनही गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असेल, तर उशिराचा दंड आणि जुना थकलेला करही नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. म्हणून वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघितल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही देऊ नये.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त मिळतात हे खरं आहे, आणि त्यामागचं कारणही वर सांगितलेली मनाईच आहे. तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हातात आल्याशिवाय ट्रकवर गाडी चढवायची नाही. इथं आल्यावर महाराष्ट्राचा कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो, हा खर्चही धरायला हवा.

५० वर्षांहून जुन्या गाडीला आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, ती दहा वर्षं चालते. पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पहिल्या वर्षीच्या पद्मिनींनी पन्नाशी गाठल्यामुळे त्याही आता या वयात बसतात. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची. ज्यांना रविवारी औदुंबरला दत्तदर्शनाला जायचं आहे त्यांनी साधी नोंदणीच ठेवावी. आणि लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी भाड्यानं देऊन खर्च काढू, असा हिशेब कुणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच पुसावा. व्हिंटेज नोंदणीवर धंदा चालत नाही आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवरही चालत नाही.

जीपच्या बाबतीत कागदाचा घोळ सर्वांत जास्त. या भागात पेट्रोल जीप परवडत नाही म्हणून कित्येकांनी तिचं मूळ इंजिन उतरवून डिझेल बसवलं. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी जीप विकत घेणं म्हणजे दुसऱ्याचं प्रकरण आपल्या अंगावर घेणं. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर दोन्ही स्वतः घासूनपुसून वाचावेत, आरसीशी ताडावेत. चॅसी नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर चहा पिऊन घरी यावं. पलूसपासून जवळच, देवराष्ट्र्यात, लोहारकाम करणाऱ्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली होती. आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचं जाहीर कौतुक केलं, पण नियमात बसत नसल्यानं ती कधी ना कधी अडवली जाईल हेही त्यांनीच सांगितलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये बदल्यात नवी बोलेरो दिली. हुन्नराचं कौतुक करायला महिंद्रा भेटतात. आरटीओत मात्र फक्त नंबर जुळवतात.

आता पत्रा. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. बॉडीचा सांगाडाच सगळा भार पेलतो. तळाचा पत्रा सडला म्हणजे गाडीचा कणाच गेला. बाहेरून चकाकणाऱ्या रंगाखाली बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली असते, म्हणून कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक खिशात ठेवावं. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा भाग इथं ते फिरवावं. चिकटत नसेल तिथं पत्रा नाही, लांबी आहे. मग डिकीतली चटई उचलून स्टेपनीखालचा खळगा बघावा, पायांखालची मॅट काढून अंगठ्यानं दाबावं. शेवटची परीक्षा जॅकची: गाडी एका बाजूनं उचलायची आणि त्याच बाजूचे दरवाजे उघडून लावून बघायचे. उभ्या गाडीत सुरळीत लागणारा दरवाजा उचलल्यावर अडकला किंवा फट वाकडी झाली, तर सांगाडा लवतो आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

कृष्णाकाठी आणखी एक गोष्ट बघावीच लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. भिलवडी, आमणापूर, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही गावं पाण्याखाली होती. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. इंजिन खोलून साफ होतं, पण गाळ दरवाज्यांच्या आतल्या बाजूला, सीटच्या स्प्रिंगांत आणि वायरिंगच्या गुंडाळीत राहतो. दरवाज्याचं आतलं पॅनेल दोन स्क्रू सैल करून वाकवलं की मातीची बारीक रेघ दिसते. डिफरन्शिअलचा प्लग किंचित सैल करून ऑइलचा थेंब बोटावर घ्यावा. काळा किंवा मधासारखा असेल तर ठीक, दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे.

एवढं पार पडलं की खुशाल इंजिनाकडे वळावं. ॲम्बेसिडरच्या मालकाला विचारायचा प्रश्न एकच: बोअर कितव्या मापावर आहे? वीस थाऊ, चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) असं उत्तर आलं तर अजून जागा आहे. साठावर गेली असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह घालण्याशिवाय गत्यंतर नाही. चढावर पाय दाबल्यावर निळा धूर आला तर रिंगा गेल्या. घाट उतरताना पाय काढलेला असताना आणि मग पुन्हा दाबताना निळा फुत्कार आला, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह गाइडचा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमली असेल तर गॅस्केट संशयित.

देशात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण बंद झालं. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगण पुरवायचं. ॲम्बेसिडरच्या जुन्या बिडाच्या हेडमध्ये या बैठका हेडमध्येच कापलेल्या असतात. शिशाविना त्या हळूहळू झिजून खोल जातात आणि टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करावे लागतात. हेड उतरवलंच असेल तर त्याच वेळी कडक पोलादी सीट बसवून घ्यावेत. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं असल्यानं त्यात वेगळ्या रिंगा आधीपासूनच आहेत. तिचा शत्रू निराळा आहे, तो म्हणजे बोअरवेलचं पाणी. या भागातलं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की नळ्यांत खर बसते, ॲल्युमिनियम खायला लागतं आणि खंबाटकी घाटात झाकण उडतं. कूलंट आणि बॅटरीचं शुद्ध पाणी मिसळून भरणं हा जुन्या गाडीतला सर्वांत स्वस्त विमा आहे.

जुन्या फियाटच्या ड्रायव्हरांना इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकायचं ओलं फडकं विसरता येणार नाही. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला हा यांत्रिक पंप तापतो, टाकीकडून ओढलेलं पेट्रोल त्याच्यातच उकळून वाफ होते आणि पंप वाफच ओढत बसतो. गाडी बंद. फडकं ओलं करून पंपावर ठेवलं, दहा मिनिटं थांबलं, की पुन्हा सुरू. कायमचा उपाय असा की पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी, मध्ये उष्णता अडवणारा पत्रा लावावा, किंवा टाकीजवळ छोटा विजेवरचा पंप बसवावा. तसा बसवला तर अपघातात तो आपोआप बंद होईल अशी सोय केल्याशिवाय मिस्त्रीला सोडू नये.

पेट्रोलचीच दुसरी डोकेदुखी या भागाला जवळची आहे. कुंडलच्या क्रांतिअग्रणी साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या या तालुक्याला इथेनॉलविषयी वाकडं बोलणं जड जाईल, पण कार्बुरेटरला त्याचं अर्थकारण कळत नाही. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि ठिसूळ करतं. पंपाचा पडदा, कार्बुरेटरची पॅकिंग, नळ्या एकेक करून गळायला लागतात. त्यात उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनलेल्या मोटारींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घसरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही दिला आहे. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी तीन महिने उभी राहिली तर ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, विटॉन रबराच्या, घालून घ्याव्यात. गळती बघायला दर रविवारी बॉनेटखाली नाक घालावं. वास येत असेल तर गाडी सुरू करू नये. उभी ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी.

ब्रेकबाबत मात्र भीड नको. यांतल्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची एकच लाइन असते. एका व्हील सिलिंडरचं रबर गळलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतले सिलिंडर गंजवतं. चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे वॉशर आणि रबरी होज एकदम बदलावेत, दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, आणि हँडब्रेक खरोखर धरतो का हे चढावर तपासावं. रंगाचं काम पुढं ढकलता येतं, हे येत नाही.

पद्मिनीचा गिअर अडकतो, दुसरा टाकायला गेलं तर जागचा हलत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा गिअरबॉक्सची नसतेच. स्टिअरिंगच्या दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळ्यांचे बुश झिजलेले असतात. किरकोळ किमतीच्या बुशांनी जे सुटतं त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला निघालेला मिस्त्री दिसला तर दुसरा गाठावा. जीप एका ठरावीक वेगाला पुढून थरथरायला लागते, ती किंगपिनची बेअरिंगं आणि टाय रॉड बघून घ्यायची सूचना आहे. जीपचं ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचंही आहे. गावात सहज मिळतं म्हणून तो टायर जीपला चढवण्याचा मोह होतो. तो टायर शेतातल्या वेगासाठी आहे, महामार्गासाठी नव्हे. टायरवर चार आकडी शिक्का असतो, ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांवरचं रबर काढून टाकावं.

विजेच्या बाजूनं बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनॅमो असतो. इंजिन मंद चालत असताना तो बॅटरी भरत नाही; त्यात वरून मोठे दिवे आणि हॉर्न जोडले की रात्रीच्या प्रवासात बॅटरी बसते. जुन्या काही इंग्लिश धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि युद्धकाळातली विलिस जीप सहा व्होल्टची; नवी बॅटरी जोडण्यापूर्वी हे बघितलं नाही तर वायरिंग जळतं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काजळले की गाडी धक्के देते. बारीक पॉलिश पेपरनं ते घासणं आणि फीलर गेजनं फट लावणं मालकानं स्वतः शिकून घ्यावं, अर्ध्या तासाचं काम आहे.

गाडी उभी कुठं राहणार, याचा विचार लोक शेवटी करतात. मळ्यातल्या शेडमध्ये एका बाजूला पोटॅश आणि युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला गाडी, हे दृश्य या भागात सर्रास दिसतं. पोटॅशमधलं क्लोराइड पत्रा खातं आणि युरियातून सुटणारा अमोनिया रेडिएटर व कार्बुरेटरच्या पितळेला चिरा पाडतो. बेदाणा शेडजवळ गंधकाची धुरी चालते. ती दमट हवेत क्रोमवर बसली की बंपरला पुटकुळ्या येतात. आणि जिथं धान्य-बेदाणा तिथं उंदीर, ते वायरिंग कुरतडतात. गाडीला स्वतंत्र, कोरडी, फरशीची जागा नसेल तर गाडी घेण्याआधी ती बांधावी.

पैशाचा हिशेब आकड्यांतच मांडलेला बरा. पद्मिनी वर्षाला २,००० किलोमीटर चालवली आणि लिटरला १२ किलोमीटर धरले, तर सुमारे १६७ लिटर पेट्रोल. १०५ रुपयांनी साडेसतरा हजार. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं ३,४१६ रुपये, वर जीएसटी, म्हणजे चार हजार. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला त्याच दरपत्रकात निम्मी सूट आहे. नूतनीकरणाचे १०,००० पाच वर्षांत वाटले की वर्षाला दोन हजार. हात काळे व्हायच्या आधीच २३-२४ हजार रुपये झाले. यात पर्यावरण कर नाही, बॅटरी नाही, टायर नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना कंपनीशी गाडीची किंमत आधी लेखी ठरवून घ्यावी, नाहीतर भरपाईच्या वेळी तिची किंमत भंगाराची धरली जाते.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ला हे रस्ते पाठ होतात. न मिळणारं बरंचसं लेथवर होतं. काच, दिव्यांच्या रिंगा, डॅशबोर्डचे घड्याळासारखे डायल आणि नक्षीच्या पट्ट्या मात्र होत नाहीत. त्यामुळे थकलेलं इंजिन असलेली पण सर्व काचा, दिवे, पट्ट्या शाबूत असलेली गाडी ही नव्या इंजिनाच्या बोडक्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. तेवढी नसेल तर लहान गाडी घ्यावी किंवा थांबावं.

पलूसमध्ये पहिली जुनी गाडी घेणाऱ्यानं पद्मिनी किंवा मारुती ८०० घ्यावी. गाडीत बसणारी माणसं जास्त असतील आणि पेट्रोलची तक्रार नसेल तर ॲम्बेसिडर. जीप फक्त आरसी आणि इंजिन जुळत असेल तरच. आणि व्यवहार कितीही ओळखीतला असो, नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन शेवटचा हप्ता आरसीवर आपलं नाव चढल्यावरच द्यावा.